पाचव्या दिवसाचं दुखणं

“काय न्हाई बाई, सोंग हाय त्यांचं. सवयच हाय तशी,” असं मी डॉक्टरणीला म्हणाले, आणि मालकांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

मी खाटेपासून दोन हातांवर उभी होते. सकाळचे दहा वाजले असतील. ऑपरेशन होऊन पाचवा दिवस. मालक कुशीवर पडलेले, गुडघे पोटाशी ओढून घेतलेले — आणि पोटावर तर छातीखालपासून ओटीपोटापर्यंत टाके. असला माणूस गुडघे पोटाशी घेतो तेव्हा त्याचं काय होत असेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. दुखणं खरं होतं. ते खरं आहे हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. एक ते, आणि एक मी.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लेकीला नाही, जावेला नाही. नारायणगडावर गेले तेव्हा देवापुढं उभी राहिले, हात जोडले, आणि तिथंही गप्पच बसले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही.

आधी मालक कोण होते ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्या तोंडात सोंग हा शब्द कुठून आला ते कळेल. आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या पलीकडं. मालक गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, पुढं साखर कारखान्याचे संचालक झाले. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तोंडानं मी त्यांना कायम अहो म्हणाले. मनातल्या मनात चाळीस वर्षं अरेतुरे. उसाच्या फडात कधी पाऊल न टाकलेला माणूस, पण भाषणात नेहमी घामाचं बोलायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. ज्यांच्या अंगाला खरा घाम होता तेच वाजवायचे. त्या लोकांची मला कधी कीव आली नाही. रागच आला.

बायकांच्या राखीव जागेवर एक वेळ मलाही संचालक केलं होतं. चौथी शिकलेली होते, सही येत होती, तेवढं पुरलं. मीटिंगला मी गेले ती दोनदा. दोन्ही वेळा चहा थंड होता.

मग तो मोठा दुष्काळ पडला. विहिरींच्या तळाला गाळ सुद्धा वाळला होता. जनावरांना चारा नाही, सरकार छावणी देत नाही. मालकांनी तहसील कचेरीपुढं मंडप टाकला आणि आमरण उपोषणाला बसले. आमरण! आदल्या रात्री जेवताना मला म्हणाले, “सकाळी तांब्या घेऊन येत जा. झाकणाचा.” मी म्हणाले, “पाणी तर तिथं हायच की.” तर म्हणाले, “पाणी कोण म्हणलं?”

रोज सकाळी गावातल्या बायका मालकांना ओवाळायला जायच्या. उपोषणाला बसलेल्या माणसाला आमच्याकडं ओवाळतात, टिळा लावतात, लढाईला निघाल्यासारखं. त्या बायकांत सगळ्यांच्या पुढं मी, हातात झाकणाचा तांब्या. तांब्यात ज्वारीची आंबील, कधी दूध-साखर. मी पदर आडवा धरायची, मालक घटाघट प्यायचे, आणि माझ्यामागं उभ्या असलेल्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. बाईचं किती प्रेम! स्वतःच्या हातानं पाणी पाजती! मला हसू दाबावं लागायचं. त्या बायकांच्या घरात तेव्हा खरोखर एक वेळची चूल पेटत होती, आणि माझ्या तांब्यात साखर होती.

पेपरवाले आले की मालक कण्हायचे. कसे ते सांगते. उजवा हात पोटावर, मान मागं टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि आवाज नाभीतून — आई आई आई, असा तीनदा. तीनदाच. चौथ्यांदा कधी नाही. तपासायला सरकारी डॉक्टर आला की तेच. सहाव्या दिवशी कुणीतरी मोठा पुढारी आला, त्यानं लिंबू-सरबत पाजलं, छावणी मंजूर झाली, गुलाल उधळला. घरी आल्यावर मालकांचं वजन अर्धा किलोनं वाढलेलं निघालं. आमच्या सोसायटीच्या गोदामातल्या काट्यावर मीच उभं केलं होतं. ते हसले. मीही हसले. मग सांगा, त्या सोंगात मी नव्हते का? होते. चांगली अर्धी होते.

पुढं बरीच वर्षं गेली. कारखाना कधी चालला, कधी बंद पडला. मालक पोटाचे मोठे झाले. आणि एकदा अंघोळीला पाठ चोळून देताना माझा हात त्यांच्या पोटावर गेला, तर हाताखाली काहीतरी उडत होतं. नाडी मनगटात उडते, तसं पोटात, बेंबीच्या वर. चिमणी धरावी तसं. बीडला सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाला, पोटातली सगळ्यात मोठी नस फुगली आहे, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. फुटली तर गावाबाहेर सुद्धा पोचणार नाहीत. पुण्याला न्या.

नेलं. मोठा दवाखाना, काचेचे दरवाजे. पोट उघडून फुगलेल्या नसेत कापडाची नळी शिवतात म्हणे. हे कळल्यावर मालक भेटेल त्याला सांगायला लागले — माझ्या पोटात आता परदेशी कापड येणार! जीवाला धोका आहे हे सही करताना डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. माणूस खुशीत. गावातून जीप भरून लोक आले होते ना.

ऑपरेशन नीट झालं. तीन दिवस काचेच्या खोलीत, मग वॉर्डात. तिसऱ्या दिवशीच, अजून काचेच्या खोलीत असताना, कुणी माजी आमदार भेटायला आले. आणि मालकांनी नळ्या लावलेल्या असताना मान मागं टाकली — आई आई आई. आमदारांनी रुमाल काढला. ते दाराबाहेर गेले आणि मालकांनी सिस्टरला विचारलं, चहा कधी मिळेल. सिस्टर हसली. दुसरीला सांगून हसली. चौथ्या दिवसापर्यंत साऱ्या वॉर्डाला हे साहेब काय चीज आहेत ते कळलं होतं.

आता पाचवा दिवस.

पहाटेच मालक अस्वस्थ झाले. आधी उताणे होते, मग कुशीवर वळले, मग उठून बसायला बघायला लागले. बसून पुढं वाकलं की थोडं बरं वाटत असावं. पोटातून पाठीत कळ जाते, एवढंच म्हणाले. हळू म्हणाले. आईचं नाव घेतलं नाही. मी म्हणाले, गॅस असेल. तेव्हा मला खरंच गॅस वाटला — तेवढं खोटं मी बोलले नाही.

नऊच्या सुमाराला कारखान्याचे व्हाइस चेअरमन आले, बरोबर चौघं, हार आणि फोटोवाला. हार आत नेऊ देत नव्हते तर भांडून आणला. “साहेब, इकडं बघा,” फोटोवाला म्हणाला. मालकांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. “साहेब, एक फक्त.” नाही. व्हाइस चेअरमननी हार पायावर ठेवला, मालकांनी पाय सुद्धा हलवला नाही. जरा वेळ उभे राहून ते लोक कॅन्टीनला गेले.

तेव्हा मला कळलं. चाळीस वर्षांत हा माणूस फोटोला पाठ देऊन पडलेला मी पाहिला नव्हता. सख्खा भाऊ सरणावर होता तेव्हा सुद्धा पेपरवाला आल्याबरोबर मान वर झाली होती. दुखणं खरं आहे, मोठं आहे, हे मला डॉक्टरांच्या आधी, मशीनच्या आधी, त्या पाठीवरून कळलं.

आणि एका तासानं डॉक्टरीण आली. पस्तिशीची असेल, डोळ्यांखाली काळं, आदल्या दिवसापासून घरी गेलेली नसावी. तिनं पोट दाबून पाहिलं. मालकांनी तिचा हात धरला. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “आजी, काल तर बरे होते हे. ह्यांना खरंच एवढं दुखतंय, की आमदार आले त्या दिवशीसारखं? तुम्ही ओळखता ह्यांना, तुम्ही सांगा.”

तुम्ही सांगा! चाळीस वर्षांत ह्या माणसाबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. सभेत नाही, घरात नाही, मी संचालक होते तेव्हाही नाही. आणि त्या दिवशी एक शिकलेली बाई हातात पेन घेऊन माझ्या तोंडाकडं बघत उभी. मी जे सांगेन ते लिहिणार.

जन्मभर मी त्याचं खोटं खरं करून दाखवलं होतं. पदर आडवा धरून. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं खरं रूप चारचौघांत सांगितलं, की हा सोंगाड्या आहे — आणि नेमकं त्याच दिवशी ते खोटं होतं. हे मला तेव्हाच कळत होतं. बोलताना कळत होतं. का बोलले? भोळेपणानं नाही. मला ते दुखणं त्याच्याकडं तसंच राहू द्यायचं होतं. बघायला कुणी नाही, फोटो नाही, रुमाल काढणारं कुणी नाही. एकदा तरी.

मालकांनी डोळे उघडून पाहिलं ते मघाशी सांगितलं. कसं पाहिलं? रागानं नाही. सभेत ऐन वेळी आपलाच माणूस उठून विरोधात हात वर करतो, तेव्हा जसं बघतात, तसं. मग डोळे मिटले.

डॉक्टरणीनं कागदावर काहीतरी लिहिलं, दुखायचं कमी होण्याचं इंजेक्शन सांगितलं, आणि म्हणाली, संध्याकाळी बघू. मी डबा उघडला. भाकरी, ठेचा, कांदा. त्यांच्या खाटेला लागून स्टुलावर बसून जेवले. पोटभर जेवले आणि जेवण गोड लागलं — हे मी लपवलं तर बाकीचं सांगून काय उपयोग?

संध्याकाळी दुसरा डॉक्टर होता. त्याला सिस्टरनं हसत हसत काय सांगायचं ते सांगितलं. मालक काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. तो पुढच्या खाटेकडं गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरवी उलटी झाली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, वाजवलं तर वाजेल असं. अंग तापलं, श्वास लागला, ओठ पांढरे. धावपळ झाली. ऑपरेशन केलेले मोठे सर्जन आले, रक्त पाठवलं, मशीनमध्ये घालून फोटो काढला, आणि मग बाहेर येऊन मला समजावून सांगितलं. नस शिवताना ती चिमट्यानं बंद धरावी लागते, तेवढा वेळ आजूबाजूला रक्त कमी पडतं. पोटात पार मागच्या बाजूला स्वादुपिंड असतं, ते दुखावलं आणि सुजलं. फार थोड्या लोकांत होतं असं. अन्न पचवायचा जो रस त्यात तयार होतो, तो आता त्यालाच जाळायला लागला आहे. लवकर कळायला पाहिजे होतं.

स्वादुपिंड. नाव बघा किती चवदार! मी ते पहिल्यांदा ऐकत होते.

मग सर्जननी विचारलं, “दुखतंय कधीपासून?”

डॉक्टरीण त्यांच्या मागंच उभी होती, कागद छातीशी धरून. आणि मी — ऐका आता — मी म्हणाले, “कालपासून सांगायलोत की आमी. ह्या बाई ऐकतच न्हाईत.”

पहिल्या वाक्याला निदान चाळीस वर्षांचा राग तरी होता. ह्या दुसऱ्या वाक्याला काय होतं? नुसती भीती. पोलिसात देतील, लेक काय म्हणेल, गाव काय म्हणेल. मालकांच्या खोटेपणावर मी आयुष्यभर नाक मुरडलं, आणि माझा स्वतःचा जो निघाला तो त्यांच्याहून हलका.

डॉक्टरणीनं तोंड उघडलं. “सर, काल आजींनीच मला —”

“पेशंट कुणाचा आहे?” सर्जन कडाडले. “आजींचा, का तुमचा?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडाला लावला — ह्या पदराला सवय होतीच. सर्जन तिला सगळ्यांदेखत काय काय बोलले. पेशंटचे नातेवाईक खेड्यातले आहेत म्हणून ऐकायचं नाही का, असंही बोलले. माझी बाजू घेऊन! व्हाइस चेअरमन मागं होतेच, त्यांनी आवाज चढवला, तक्रार करू म्हणाले. तक्रार केलीही असेल. त्या वॉर्डात ती बाई मला पुन्हा दिसली नाही. तिचं नाव मला माहीत नाही. विचारता आलं असतं. विचारलं नाही.

मालक पुन्हा काचेच्या खोलीत गेले. तिथं सव्वा महिना. काही दिवस श्वास मशीननं दिला. पोटात पू झाला तो सुईनं काढला, पुन्हा झाला, पुन्हा काढला. तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यांची जीभ लाकडासारखी झाली होती. गावचे लोक बाहेर म्हणायचे, साहेबांचं हे दुसरं उपोषण. कुणीच हसलं नाही, म्हणजे मनापासून म्हणत होते. मी ओल्या कापसानं ओठ पुसायची. मालक माझ्या हाताकडं बघायचे, तोंडाकडं नाही. दोनदा डॉक्टरांनी सांगितलं, आजची रात्र कठीण आहे, कुणाला बोलवायचं तर बोलवा. तेव्हा मी काय मागितलं देवाकडं? वाचवा म्हणाले. पण त्यांच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, हे आजही खात्रीनं सांगता येत नाही.

गावी आले तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. स्वादुपिंड जळालं ते जळालंच, कायमची साखर झाली. मधुमेह. रोज दोन वेळा इंजेक्शन. आणि कारखान्याच्या लोकांनी ठरवलं, साहेब मरणाच्या दारातून परत आले, साहेबांची साखरतुला करायची! मधुमेह झालेल्या माणसाची साखरतुला. कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यात कारखाना दोन वर्षं बंद, पावसाअभावी फडात ऊस नाही, म्हणून संचालकाला तोलायची साखर माजलगावच्या बाजारातून व्यापाऱ्याकडनं आणली. तराजूच्या एका पारड्यात मालक मांडी घालून बसले, दुसऱ्यात पोती. वजन एवढं उतरलं होतं की आणलेल्यातलं एक पोतं शिल्लक राहिलं. ते कुणाच्या घरी गेलं ते विचारू नका.

मला नवं लुगडं नेसवून स्टेजवर बसवलं होतं. मालक माइकपुढं उभे राहिले आणि म्हणाले, “सर्जनसाहेबांनी मला सोत्ता सांगितलं. माझं दुखणं सगळ्यात आधी ओळखलं ते माझ्या मंडळीनं. डॉक्टरला कळलं न्हाई, हिला कळलं. ही नसती तर मी आज न्हाई.” टाळ्या. बायका रडल्या. माझ्या गळ्यात हार पडला.

त्यांनी ऐकलं होतं ना? डोळे उघडून पाहिलं होतं ना? की औषधाच्या गुंगीत काहीच कळलं नव्हतं, आणि ते डोळे उघडणं नुसतं कळ आल्यामुळं होतं? की सगळं कळलं असून, सभेला काय आवडेल ते बोलले? तो माणूस ते करू शकत होता. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

एवढं मात्र सांगते. त्यानंतर त्या माणसानं माझ्यापुढं कधी दुखतंय म्हणून सांगितलं नाही. पूर्वी काटा टोचला तरी घर डोक्यावर घ्यायचे. आता इंजेक्शन मीच द्यायची, सुई कधी चुकीची लागायची, रक्त यायचं, तर भिंतीकडं बघायचे. पायाला जखम होऊन चिघळली ती शेजारच्या न्हाव्यानं मला सांगितली. न्हाव्याला दाखवली होती. दाढ ठणकली ती लेकीला फोनवर सांगितली, हळू आवाजात, मी चुलीपाशी आहे असं बघून. शेवटी छातीत दुखायला लागलं तेव्हा मी अंगणात दहा पावलांवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मला हाक मारली नाही. रस्त्यानं चाललेल्या माणसाला मारली.

पण ते पुढचं. पुण्याच्या त्या दुखण्यातून मालक वाचले. अकरा वर्षं जगले.